गहाण राहिलेली हासळी

फ्ली मार्केट म्हणजे काय, हे मला माझ्या नातीने शिकविले. "आजोबा, तुम्हाला जुन्या वस्तू आवडतात ना? मग चला," असे म्हणून एका रविवारी तिने मला वांद्र्याच्या बाजूच्या एका मोकळ्या मैदानावर नेले. दाराशी तिकीट होते. बाजारात शिरायला तिकीट काढावे लागते, हा अनुभव मला नवाच. आत पाहतो तो रंगीत मांडव, दिव्यांच्या माळा, एका कोपऱ्यात गिटार वाजविणारे तरुण, आणि मांडवामांडवांतून आमच्या लहानपणीचे सगळे घर विकायला मांडलेले! पितळेचे डबे, अडकित्ते, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, कंदील, ग्रामोफोनचे कर्णे, इराण्याच्या हॉटेलातल्या लाकडी खुर्च्या. ज्या पाणी तापवायच्या बंबाला कंटाळून आईने तो एकदाचा मोडीत घातला होता, त्याचा सख्खा भाऊ तिथे फुलझाडाची कुंडी होऊन बसला होता.

या बाजाराच्या नावाची मोठी गंमत आहे. फ्ली म्हणजे पिसू. पॅरिस शहराच्या तटाबाहेर सँतुआँ म्हणून एक वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरातून हुसकावलेले चिंधीवाले तिथे जाऊन बसले आणि जुने कपडे, गाद्या, मोडके सामान विकू लागले. त्या गाद्यांबरोबर गिऱ्हाइकाला पिसवाही फुकट मिळत, म्हणून तो पिसवांचा बाजार! आज त्याच सँतुआँत लाखमोलाच्या वस्तू विकल्या जातात आणि जगभरची श्रीमंत मंडळी तिथे हिंडतात. पिसवा गेल्या, नाव राहिले.

आपल्याकडे असे बाजार नव्हते असे नाही. मुंबईचा चोरबाजार दीडशे वर्षांहून जुना. मटण स्ट्रीटवरच्या त्या दुकानांतून झुंबरे, घड्याळे आणि जहाजांवरची होकायंत्रे मी तासन् तास पाहिली आहेत. मूळ नाव शोरबाजार, गलबल्याचा बाजार, असे म्हणतात. साहेबाच्या जिभेने त्या शोरचा चोर केला. पुण्याला तसाच जुना बाजार आहे. परंतु तिथे जाणारा माणूस पैसे वाचवायला जाई. या नव्या बाजारात मात्र माणसे पैसे खर्चायला येतात, आणि जुनेपणालाच भाव येतो. फरक काय तो एवढाच.

असे हिंडत असता नातीने माझा हात ओढला. "आजोबा, बघा ना! आपल्या घरातल्यासारखी!"

काळ्या मखमलीवर चांदीची एक हासळी ठेवली होती. वाचकांपैकी ज्यांनी हासळी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गळ्याभोवती बसणारे भरीव कडे ते. पुढे अंगठ्याहून जाड, आणि मागे दोन्ही टोकांशी निमुळते होत गेलेले. खाली चिठ्ठी होती: 'आदिवासी, हातकाम, जुने.' पुढे किंमत. ती सांगून मी या अंकाच्या वाचकांची दिवाळी बिघडवीत नाही.

मांडवातल्या मुलाला मी विचारले, "कुठली ही?"

"ट्रायबल आहे, सर. व्हिंटेज."

"ते समजले. पण कोणत्या मुलखातली? कुणाची?"

तो भला मुलगा गोंधळला. "बंजारा असेल. किंवा राजस्थान. आमच्याकडे माल येतो, सर. नाव कसे माहीत असणार?"

मी त्याला हसणार होतो, पण हसू ओठांवरच राहिले. कारण नातीने लगेच विचारले, "आजोबा, मग आपली कुणाची?"

आमच्या घरी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आई शिसवी पेटी उघडी. ताम्हनात चांदीची वाटी, चार राणीछाप रुपये आणि एक भली थोरली हासळी मांडून त्यांवर हळदकुंकू वाही. ती हासळी घरातल्या कोणत्याही बाईने कधी गळ्यात घातल्याचे मला आठवत नाही. आमच्या बायकांच्या अंगावरचा तो दागिनाच नव्हे. "कुणाची ग ही?" असे मीही लहानपणी विचारले होते. आई म्हणाली होती, "आपलीच. पणजोबांच्या वेळची." त्या उत्तरावर मी साठ वर्षे समाधानाने पूजा केली.

माझ्या पणजोबांचे तळोद्याला दुकान होते. मीठ, तेल, कापड विकीत आणि अडीनडीला वस्तू ठेवून घेऊन पैसे देत. त्यांच्या तीन-चार वह्या त्या पेटीच्या तळाशी होत्या. मोडी मला येत नाही, म्हणून मी त्या एका मोडी जाणणाऱ्या स्नेह्यांकडे नेल्या. त्यांनी चार दिवसांनी मला बोलावून एका ओळीवर बोट ठेवले. संवत १९५६ च्या गहाणाच्या वहीत, 'नावे' या बाजूला, एवढेच होते: मोलगीकडील भिलीण, हासळी नग १, वजन तोळे ४२, दिले रुपये १४. वर आणि खाली दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या नोंदी होत्या. त्यांत माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव, सगळे होते. या एका ओळीत नाव नव्हते. आपल्या हिशेबी भाषेत ज्या बाजूला 'नावे' म्हणतात, तिथेच नाव नव्हते. आणि समोरची 'जमा'ची बाजू कोरी होती. हासळी कुणी सोडवायला आलेच नाही.

तेव्हा मला मोलगीला जाणे भाग पडले.

मोलगी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले सातपुड्याच्या कुशीतले गाव. नंदुरबार हा वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यापूर्वी हा भाग धुळे जिल्ह्यात, आणि त्याआधी पश्चिम खानदेशात मोडे. संवत १९५६ मध्ये तर पूर्व-पश्चिम असा भेदही नव्हता. सारा मिळून एकच खानदेश जिल्हा होता. डोंगराच्या बाजूला काठीसारख्या लहान लहान संस्थानिकांचा मेवास होता. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढू लागले की सपाटीची शेते मागे पडतात आणि डोंगरांमागे डोंगर उघडत जातात. उतारावर सुटी सुटी घरे, प्रत्येक घराभोवती त्याचे शेत. या पाड्यांना मिळून बाजार एकच, मोलगीचा.

मी गेलो तो होळीच्या आधीच्या आठवड्यात. या दिवसांत सातपुड्यात गावोगाव भोंगऱ्या बाजार भरतात. होळीसाठी लागणारे सारे काही त्या दिवशी घ्यायचे. मोलगीपासून जवळच असलेल्या काठी गावची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिथे रात्रभर ढोल घुमतो, मोरपिसांचे टोप घातलेले आणि कमरेला घुंगरे-भोपळे बांधलेले बुध्ये नाचतात, आणि उंच बांबूची होळी पहाटे पेटते. त्या होळीचे वेध मोलगीच्या बाजाराला लागलेले होते. एका प्राथमिक शाळेतले गुरुजी माझ्याबरोबर होते. ते त्याच डोंगरातले असल्यामुळे बाजारातल्या निम्म्या माणसांना त्यांना थांबून रामराम करावा लागे.

तिकीट नव्हते, तोरणे नव्हती, पण बाजार कसला म्हणून विचाराल तर हा खरा. गूळ, डाळ्या, हारकंगन, खजूर यांचे ढीग. कोंबड्या पायांना धरून उलट्या लोंबकळताहेत. एकीकडे बांबूची सुपे आणि टोपल्या, त्यांना लागूनच प्लास्टिकच्या बादल्या आणि मोबाइलची कव्हरे. उन्हाळा चढला की याच बाजारात आमचुराच्या गोणी येतात. घरोघर कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून तो तयार करतात, आणि आमचुराची पेठ म्हणून मोलगीचे नाव दूरच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहे. मीठ, तेल, कापड आणि लोखंड खालून वर येणार, आणि डोंगराचे पीक वरून खाली जाणार, हा इथला जुना व्यवहार. म्हातारी माणसे सांगतात, एके काळी मिठाच्या मापाला चारोळीचे माप देत. आज शहरात चारोळीचा भाव विचारून पाहा, म्हणजे त्या मापाचा अर्थ कळेल.

बाजारात दागिन्यांची दुकाने होती. गिलटाच्या हासळ्या, कडी, साखळ्या पांढऱ्याशुभ्र चकाकत होत्या. चांदीची हासळी मात्र मला दुकानात दिसली नाही; ती दिसली गळ्यांत. सणासाठी नटून आलेल्या काही बायकांच्या अंगावर जुनी, जड, थोडी काळवंडलेली चांदी होती. मी गुरुजींना विचारले, "या हासळ्या इथेच घडवीत का?"

गुरुजी हसले. "भाऊसाहेब, आमच्यात सोनार कुठला? आमचा माणूस बांबूचे काम करील, धनुष्यबाण करील, पावा करील. चांदी घडविणार तो खालचा सोनार. घाट आमचा, हात त्याचा."

मुंबईच्या चिठ्ठीतला पहिला शब्द तिथेच खोटा ठरला. जिला आपण आदिवासी हातकाम म्हणतो, ती चांदी बहुतेक ठिकाणी बाजारगावच्या सोनाराने घडविलेली असते. डोंगरातली बाई सांगे, असा घाट हवा, असे वजन हवे; खालचा सोनार तसे करी. एका दागिन्यात दोन समाज बोलत असत. त्यांतल्या एकाचेही नाव त्यावर राहिले नाही.

आता ४२ तोळ्यांचा हिशेब पाहू. सणाच्या अंकात हिशेब कशाला, असे वाचक म्हणतील. पण या हासळीची सारी कहाणी त्या हिशेबात आहे, आणि तो फार सोपा आहे.

ब्रिटिश अमदानीतला १८३५ नंतरचा रुपया वजनाला बरोबर एक तोळा भरे. त्यात बारा भागांतले अकरा भाग निर्भेळ चांदी. म्हणून चांदीचा दागिना करायचा तर सोपी रीत अशी की रुपये सोनाराच्या मुशीत टाकायचे. ४२ रुपये वितळविले की ४२ तोळ्यांची हासळी. उलटही खरे होते. १८९३ पर्यंत कुणालाही चांदी सरकारी टांकसाळीत नेऊन थोडी मजुरी भरून तिचे रुपये पाडून घेता येत. डोंगरातली बाई काही टांकसाळीत जात नव्हती. पण टांकसाळ उघडी असल्यामुळे तळोद्याच्या बाजारातही तोळाभर चांदी आणि एक रुपया यांच्यांत फारसे अंतर पडू शकत नव्हते. हासळी म्हणजे गळ्यात घातलेली पेढी. ती चोराला सहज नेता येत नाही, तिला वाळवी लागत नाही, आणि लग्नात, मरणात, दुष्काळात ती मोडता येते. ज्याच्यापाशी कागदपत्र नाही, ज्याच्या जमिनीची नोंद दुसऱ्याच्या चोपड्यात, त्याने शिल्लक ठेवायची तरी कशात?

मात्र याच काळात जगात चांदीचे दिवस फिरत होते. १८७१ नंतर जर्मनीने चांदीचे नाणे सोडून सोन्याचे धरले आणि आपली चांदी विकायला काढली. इतर देशांनी तोच रस्ता धरला. तिकडे अमेरिकेत नेवाडाच्या खाणींतून चांदीचा पूर लोटला. चांदी स्वस्त झाली, म्हणजे आपला रुपयाही स्वस्त झाला. १८७० च्या सुमारास एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग येत. वीस वर्षांत ते सव्वा शिलिंगाच्या आसपास आले. हिंदुस्थान सरकारला विलायतेतला खर्च, पेन्शने, कर्जाचे व्याज हे सारे पौंडांत भरावे लागे. रुपया पडला की तितकेच पौंड भरायला जास्त रुपये लागत. तेव्हा लॉर्ड हर्शेल यांच्या समितीच्या सल्ल्याने १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपया दुर्मिळ करायचा आणि त्याचा भाव चढवायचा, असा बेत. पाच-सहा वर्षांत तो साधलाही. रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवर ठरला.

परिणाम काय झाला? रुपयाचा भाव चढला आणि चांदीचा पडतच राहिला. आजवर जोडीने चालणारे दोघे भाऊ वेगळे झाले. त्या काळचा लंडनचा चांदीचा भाव घेऊन हिशेब मांडला तर १८९९ च्या सुमारास रुपयाभर चांदीची किंमत दहा-अकरा आणे येते. राणीच्या तोंडवळ्याची मुद्रा आहे तोवर सोळा आणे. तीच चांदी मुशीत घालून तिची हासळी केली की दहा-अकरा. ज्याची शिल्लक नाण्यांत होती तो वाचला; जिची शिल्लक गळ्यात होती, तिचा तिसरा हिस्सा, तिने काहीही न करता, नाहीसा झाला. गरिबांची शिलकी चांदी या कायद्याने मातीमोल झाली, ही तक्रार त्या वेळच्या आपल्या अर्थशास्त्र्यांनी सरकारपुढे मांडली होती. पण सातपुड्यातल्या बाईला कोण सांगणार, की तुझ्या गळ्यातली हासळी लंडनच्या एका खोलीत हलकी झाली आहे? हाताला तर तिचे वजन पूर्वीइतकेच लागत होते.

आणि अशा वेळी १८९९ चा पाऊस गेला.

व्यापाऱ्यांचे वर्ष दिवाळीला सुरू होते. १८९९ च्या नोव्हेंबरच्या आरंभी लक्ष्मीपूजन झाले, नव्या वह्यांवर स्वस्तिके निघाली आणि संवत १९५६ सुरू झाला. हाच तो छप्पन्नचा दुष्काळ. गुजरात, राजस्थान, खानदेश या सगळ्या पट्ट्यात त्याचे नाव अजून भीतीने घेतात. तीनच वर्षांपूर्वी, १८९६-९७ मध्ये, एक मोठा दुष्काळ होऊन गेला होता. त्यात काय शिल्लक होती-नव्हती ती खर्ची पडली होती. माझ्या पणजोबांच्या त्या वर्षीच्या वहीत गहाणांची पानेच्या पाने आहेत. कडी, तोडे, तांब्याची भांडी, एका ठिकाणी तर कुऱ्हाड. कुऱ्हाड गहाण टाकून माणूस जंगलात काय करणार, हे त्या वहीत लिहिलेले नाही.

त्याच पानांतून कधीतरी ती मोलगीकडची बाई डोंगर उतरून तळोद्याला आली. ४२ तोळे चांदी. तिच्या आईने ती घडविली असेल तेव्हा ४२ रुपयांची. त्या दिवशीच्या धातूच्या भावाने सत्तावीस-अठ्ठावीस रुपयांची. पणजोबांनी दिले १४. धंद्याच्या रीतीने निम्मा भाव दिला, त्यात त्यांनी जगावेगळे काही केले नाही. मी त्यांना खलपुरुष ठरवायला बसलेलो नाही. दुष्काळात त्यांनी दार उघडे ठेवले म्हणून तिला १४ रुपयांचे धान्य तरी मिळाले, हेही खरे असेल. परंतु एक गोष्ट त्यांनी केली नाही, आणि तिला पैसे पडत नव्हते. त्यांनी तिला नाव विचारले नाही. विचारले असेल तर लिहिले नाही. नाव लिहायचे ते पुढे वसुलीला जायचे असते म्हणून. हासळी हातात असता नावाची गरज काय?

पुढचा इतिहास वाचकांना थोडाफार ठाऊक आहे. चांदी गेली, मग जमिनी गेल्या. त्या परत मिळविण्यासाठी याच जिल्ह्यातल्या शहादे भागात १९७२ साली अंबरसिंग महाराजांच्या भोवती आदिवासी उभे राहिले. अंबरसिंग १९७४ साली तरुण वयातच वारले. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदाही महाराष्ट्रात त्याच सुमारास झाला. नंतर सरदार सरोवर आले. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे त्याच्या पाण्याखाली येणार होती. मणिबेलीला १९९३ च्या पावसाळ्यात पाणी शिरले, आणि २०१९ साली धरण प्रथमच काठोकाठ भरले. माणसे नर्मदाकाठावरून उठून तळोद्याच्या सपाटीवर, काही गुजरातेत गेली. घर हलले की घरातल्या वस्तू हलतात. त्यांतल्या किती कुठल्या मखमलीवर जाऊन बसल्या असतील, ते त्या वस्तूच जाणोत.

कुणी म्हणेल, मग जुन्या वस्तू जमवूच नयेत काय? असे मी म्हणत नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर खेडोपाडी हिंडून दिवे, अडकित्ते, कुलुपे, वज्री, दारे-खिडक्या जमविल्या आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. ते नसते तर आपल्या आज्यांच्या हातातल्या कितीतरी वस्तू भट्टीत गेल्या असत्या. जमविणारा वाईट नव्हे. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला जपावे म्हणतो. ती परदेशी नेऊन विकायला मनाई करतो. पण कायदा वस्तू जपतो. वस्तूमागचे माणूस कुणी जपायचे?

आता मोलगीच्या बाजारात परत येतो.

गुरुजींनी मला एका म्हातारीपाशी नेले. त्या आजी बांबूची सुपे पुढे मांडून बसल्या होत्या. गळ्यात चांदीची हासळी, जवळजवळ आमच्यासारखीच. मी पिशवीतून माझी काढली. आजींनी ती दोन्ही हातांत घेतली, जोखली, आणि अंगठ्याने टोकांवरच्या रेघांवरून हात फिरविला. मग गुरुजींना त्यांच्या भाषेत काही विचारले.

"विचारताहेत, तुमच्या घरात कुणाची?"

मी सगळे सांगितले. पणजोबा, छप्पन्नचा दुष्काळ, १४ रुपये, वहीत नसलेले नाव. गुरुजी एकेक वाक्य सांगत गेले. आजी मान हलवीत होत्या. शेवटी त्यांनी एकच प्रश्न केला.

"विकली होती की ठेवली होती?"

"ठेवली होती, आजी. गहाण."

"मग ती तिचीच आहे," आजी म्हणाल्या. "सोडवायची राहिली आहे, एवढेच."

मी फार मोठे औदार्य करीत असल्यासारखा म्हणालो, "आजी, तुम्ही घ्या ही. इथलीच आहे."

गुरुजींना ते सांगतानाच संकोच वाटला असावा. आजींनी हासळी माझ्या मांडीवर परत ठेवली. "माझी माझ्या गळ्यात आहे. दुसरीची मी कशी घालू? तिच्या घरचे आले तर काय सांगू?"

सव्वाशे वर्षांनंतरही त्या बाईच्या घरचे येतील, आणि आले तर त्यांना उत्तर द्यावे लागेल, हे त्या आजींना जितके स्वाभाविक वाटत होते, तितके माझ्या घराण्यात चार पिढ्यांत कुणालाही वाटले नव्हते. आम्ही तिच्यावर हळदकुंकू वाहिले. ती कुणाची, हे पाहिले नाही.

मी आजींकडून एक सूप घेतले. किंमत त्यांनी सांगितली, ती मी दिली. घासाघीस केली नाही, हे सांगण्यासारखे नाही. पण पैसे देताना मी त्यांचे नाव आणि पाड्याचे नाव विचारले, हे सांगण्यासारखे आहे. त्यांना हसू आले. सूप घेताना नाव कोण विचारतो? ते नाव इथे छापीत नाही, कारण ते त्यांचे आहे. पण सुपाच्या पाठीवर मी ते पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. ते सूप आज नवे आहे. शंभर वर्षांनी कुठल्या बाजारात मखमलीवर बसले, तर त्याच्या चिठ्ठीवर 'आदिवासी, हातकाम, जुने' एवढेच लिहिण्याची वेळ कुणावर येऊ नये.

यंदा धनत्रयोदशीला आमच्या ताम्हनात चांदीची वाटी असेल, राणीछाप रुपये असतील. त्याच संध्याकाळी तळोद्याकडून तरुणांचे जथे अश्वत्थाम्याच्या दर्शनाला अस्तंब्याचा डोंगर चढू लागतील. जखमेवर तेल मागत युगानुयुगे हिंडणारा तो चिरंजीव त्या शिखरावर राहतो, अशी श्रद्धा आहे. काही जखमा भरायच्या राहून जातात खऱ्या. हासळी मात्र ताम्हनात नसेल. ती वेगळ्या कापडात बांधली आहे, आणि बरोबर नातीच्या अक्षरातली एक चिठ्ठी आहे: 'मोलगीकडील एका बाईची. वजन ४२ तोळे. संवत १९५६ च्या दुष्काळात तळोद्याला १४ रुपयांवर गहाण. नाव लिहून घेतले नाही. आमची नव्हे, आमच्याकडे ठेव आहे.'

गुरुजींना मी सांगून आलो आहे, की डोंगरातल्या माणसांनी डोंगरातच कधी आपल्या वस्तूंचे घर उभारले, तर ही हासळी पहिल्या दिवशी घाट चढेल. नातीने वहीत 'जमा'ची ती बाजू मला दाखविली आणि विचारले, "आजोबा, इथे लिहू का?" मी म्हटले, "अजून नाही. परत केल्यावर लिही."